कुलूप डब्याच्या आत होतं

आमच्या धंद्यात अपलोड हा शब्द उलटा आहे. मोबाईलवाले फोटो चढवतात त्याला अपलोड म्हणतात, म्हणजे आपल्याकडचं दुसरीकडे देणं. आमच्याकडे मशीनच्या पोटातलं काढून आपल्या लॅपटॉपवर घेणं म्हणजे अपलोड, आणि लॅपटॉपमधलं मशीनमध्ये भरणं म्हणजे डाउनलोड. माझी मुलगी यावर अजून हसते. हसू दे. मला ज्यानं शिकवलं त्यानं असंच शिकवलं होतं. "ताई, मशीन म्हणजे विहीर समज. विहिरीतून वर काढलं ते अपलोड, विहिरीत खाली सोडलं ते डाउनलोड. बस, एवढंच." त्याला मी भाऊ म्हणायचे. नुसतं तोंडानं नाही, दर राखीपौर्णिमेला बुऱ्हानपूरच्या लोधीपुऱ्यातून बुधवाऱ्यात त्याच्या घरी जाऊन राखी बांधायचे.

तापीपलीकडे, जैनाबादच्या बाजूला, आमच्या शेठची केळी पिकवायची चार चेंबर आहेत. चेंबर म्हणजे मोठी गार खोली. हिरवी केळी क्रेटमधून आत जातात, चार-पाच दिवस ठरलेल्या थंडीत आणि गॅसमध्ये राहतात आणि एकसारखी पिवळी होऊन बाहेर येतात. कुठल्या दिवशी किती डिग्री ठेवायची ते ऑफिसातल्या कंप्युटरवरून जातं. पण कंप्युटरची भाषा वेगळी आणि चेंबरच्या मशीनची वेगळी, म्हणून मध्ये भिंतीवर एक डबा बसवलेला आहे. कंपनी त्याला गेटवे म्हणते, आम्ही डबा म्हणतो. कोणत्या चेंबरला काय विचारायचं, काय सांगायचं, हे सगळं त्याच्या पोटात लिहिलेलं असतं, आणि त्या लिखाणाला कॉन्फिगरेशन म्हणतात. ते सगळं भाऊनं लिहिलं होतं. मी पस्तिशीला डिप्लोमा करून तिथं लागले तेव्हापासून दहा वर्षं त्याच्या हाताखाली काम केलं.

गेल्या दिवाळीनंतर भाऊनं नोकरी सोडली आणि बुधवाऱ्यात स्वतःचं दुकान टाकलं. असल्याच मशीनची देखभाल करायचं. मला आनंदच झाला. आपला माणूस मोठा होऊ राहिला, कोणाला वाईट वाटेल? मागे मी एकटी उरले.

मे महिन्यात डबा बिघडायला लागला. उन्हाची झळ लागली की आपोआप बंद व्हायचा, पुन्हा चालू व्हायचा. बंद असेल तेवढा वेळ चेंबर कालच्याच डिग्रीवर अडकून बसायचं. एखादा दिवस असा पूर्ण गेला असता तर आतला सगळा माल मऊ पडला असता. मी नवा डबा मागवला. आता जुन्यातलं लिखाण वर काढायचं आणि नव्यात सोडायचं, एवढंच काम. लॅपटॉपमध्ये एक जुनी फाईल होती, पण ती चौथं चेंबर बांधायच्या आधीची. भाऊ नेहमी म्हणायचा, "खरी फाईल डब्यातच राहते ताई, पाहिजे तेव्हा काढून घ्यायची." म्हणून मी शेठला छाती ठोकून सांगितलं, "अर्ध्या तासाचं काम आहे."

मला काय माहीत! बटण दाबलं, आणि लाल अक्षरात एक नंबर आला. अपलोड फेल. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. हिरवी पट्टी जागची हललीसुद्धा नाही. संध्याकाळपर्यंत वीस वेळा केलं असेल.

शेठ वाईट माणूस नाही, पण त्याचं डोकं माल बघतं. त्यानं मला समोर बसवून सांगितलं, "देखो बाई, तीन दिन. उसके बाद मैं उसी को बुलाता हूँ, साल भर का काम भी उसी को दे दूँगा. फिर दो आदमी का मैं क्या करूँगा?" म्हणजे तीन दिवसांत डब्यातलं लिखाण बाहेर आलं नाही तर भाऊला बोलावणार आणि माझी नोकरी गेली. यात न कळण्यासारखं काही नव्हतं. बुऱ्हानपुरात पंचेचाळिशीच्या बाईला हे काम दुसरं कोण देणार आहे?

मी काय केलं असेल? भाऊलाच फोन लावला. लाल नंबराचा फोटो पाठवला, शेठनं काय म्हटलं तेही अक्षरन्‌अक्षर सांगितलं. तो म्हणाला, "टेन्शन नको घेऊ ताई. हा नंबर वायरचा आहे. वायर बदल, होऊन जाते."

वायर बदलली. नवी आणली, मग आणखी एक आणली, दोन्ही टोकं स्वतः दाबून बसवली. काही नाही. पुन्हा फोन. "मग ॲड्रेस पहा." लॅपटॉपचा नंबर आणि डब्याचा नंबर एकाच गल्लीतले असावे लागतात, एक लोधीपुऱ्यात आणि एक बुधवाऱ्यात असून चालत नाही, हेही त्यानंच शिकवलेलं. नंबर बरोबर होते. तरी पुन्हा टाकले.

दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, सॉफ्टवेअर नवं आहे, जुनं टाक. अर्धा दिवस त्यात गेला. मग म्हणाला, लॅपटॉपची सुरक्षा बंद कर. केली. मग म्हणाला, पुन्हा एकदा वायरच पहा ताई, मला वायरीवरच शंका येऊ राहिली. मी भिंतीवरची पट्टी उचकटून सगळी वायर बाहेर काढली. साप साप म्हणून भुई धोपटणं म्हणतात ना, ते मी दोन दिवस केलं.

आणि आता खरं सांगते, मला कळत होतं. डबा चालू असला की चारही चेंबरचे आकडे लॅपटॉपच्या स्क्रीनवर स्वच्छ दिसायचे. त्याच वायरीतून दिसायचे. वायर खराब असती तर आकडे कुठून आले असते? पहिल्या वर्षाच्या पोरीलाही हे समजेल. मला समजत होतं आणि तरी मी वायर बदलत होते, कारण भाऊ म्हणाला होता. माझ्या डोक्यापेक्षा त्याच्या शब्दावर माझा जास्त भरवसा होता. मूर्ख बाई!

तिसऱ्या दिवशी सकाळी मी डब्याच्या कंपनीला फोन लावला. याआधी कधी लावलाच नव्हता, भाऊ होता ना. तिकडे एक पोरगी होती, आवाजावरून पंचविशीची. मी लाल नंबर वाचून दाखवला. ती लगेच म्हणाली, "मॅडम, ये केबल का कोड नहीं है. अपलोड लॉक है. किसी ने पासवर्ड डालकर बंद किया है."

"अपने आप होता है क्या?" मी विचारलं.

"नहीं मॅडम. कोई बैठकर करेगा तभी होगा."

तिनं मला डब्याच्या आतली डायरी कुठं असते ते सांगितलं. डबा आपल्याशी कोणी कधी काय केलं ते लिहून ठेवतो. मी मागे मागे गेले आणि ती ओळ सापडली. अपलोड बंद. तारीख भाऊच्या नोकरीतल्या शेवटच्या दिवसाची. वेळ दुपारी साडेचारची. त्या दिवशी दुपारी साडेचारला मी कुठं होते ते मला नीट आठवलं. भाऊचा निरोप गोड व्हावा म्हणून मी गावात मावा जलेबी आणायला गेले होते. तो म्हणाला होता, "जा ताई, सावकाश जा, मी तेवढ्यात तुझ्यासाठी सगळं नीट लावून ठेवतो."

माय वं! केसानं गळा कापणं हे मी लहानपणापासून ऐकलेलं, पण कापताना इतकं गोड बोलतात हे माहीत नव्हतं.

स्कूटी काढली आणि भर दुपारी बुधवाऱ्यात गेले. दुकानात तो एकटाच होता. मला पाहून हसला, कूलर माझ्याकडे वळवला, ग्लासभर पाणी पुढे केलं. मी पाण्याला हात लावला नाही. म्हटलं, "भाऊ, अपलोडला कुलूप तू लावलं?"

तो खोटं बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, "कळलं का तुला? बस ना आधी."

"मी बसायला नाही आली."

"हे पहा ताई, तुझ्यावर नव्हतं ते. शेठसाठी होतं. चारही चेंबर मी उभी केली. जाताना त्यानं साधं चहाला विचारलं नाही. उद्या कोणीही येऊन माझं काम उपसून नेणार, आणि मी दुकानात माशा मारू?"

यातलं दुःख खोटं नव्हतं. शेठ खरंच तसा वागला होता. कुलूप लावलं एवढंच असतं तर मी भांडले असते, चार शिव्या दिल्या असत्या, आणि पुढच्या राखीला पुन्हा गेले असते. पण मी विचारलं, "मग दोन दिवस मला वायर का बदलायला लावली? माझी नोकरी जाऊ राहिली, हे तुला पहिल्या फोनलाच सांगितलं होतं मी."

तो टेबलावरचा स्क्रू-ड्रायव्हर फिरवत राहिला. मग म्हणाला, "मला वाटलं, तू थकशील आणि शेठला स्वतःच म्हणशील की भाऊला बोलवा."

किती साधेपणानं म्हणाला! जणू मी चेंबरमधलं केळं आहे आणि तीन दिवसांत पिकणारच आहे.

वर त्यानं तोडगाही काढून ठेवला होता. म्हणाला, "शेठला सांग, कुलूप चुकून तुझ्या हातून लागलं. मी येतो, दोन मिनिटांत उघडतो. तुझ्या नोकरीचं मी बोलतो त्याच्याशी." मग आवाज खाली करून म्हणाला, "त्या वेळी तुझी चूक मी नव्हती का घेतली माझ्या अंगावर?"

ही चूक माझ्या दुसऱ्या वर्षातली. घाईघाईत मी अपलोडऐवजी डाउनलोड दाबलं होतं. लॅपटॉपवर रिकामी फाईल होती, ती डब्यात गेली आणि आतलं सगळं पुसलं गेलं. एक चेंबरभर केळी फुकट गेली, गुरांपुढे टाकावी लागली. भाऊनं माझ्या हातातून लॅपटॉप घेतला आणि म्हणाला, "तू गप राहा. मी शेठला सांगतो, माझ्या हातून झालं." आणि केबिनमध्ये गेला. माझी नोकरी वाचली. त्या वर्षी मी त्याला पहिली राखी बांधली. इतकी वर्षं तो एकदाही त्यावर बोलला नव्हता, आणि म्हणूनच मला तो देवासारखा वाटायचा.

आता तो बोलला. मी एवढंच म्हटलं, "आठवण करून दिली, बरं केलं," आणि निघाले.

पुलावरून येताना रडू आलं नाही, नुसता संताप येत होता. आपलेच दात आणि आपलेच ओठ म्हणून मी गप्प बसावं असा त्याचा हिशेब होता. पण आता कोणाच्याच उपकारात राहायचं नाही, असं मी ठरवलं. शेठला दोन्ही चुका सांगायच्या, जुनी माझी आणि नवी त्याची, मग नोकरी राहो की जावो.

शेठ केबिनमध्ये होता. मी उभ्यानंच सांगितलं. डब्याला कुलूप आहे, भाऊनं जाताना लावलं, डायरीत तारीख आहे. उघडायला त्याला बोलवायची गरज नाही. मी चारही चेंबरमध्ये जाऊन एकेका मशीनचा नंबर लिहून आणते आणि नव्या डब्यात सगळं लिखाण पहिल्यापासून लिहिते. दोन दिवस लागतील.

शेठनं विचारलं, "कर लोगी?"

"कर लूँगी." मग म्हटलं, "आणि शेठ, आणखी एक. फार वर्षांपूर्वी एक चेंबर वाया गेलं होतं ना, ती चूक भाऊची नव्हती. माझी होती. त्यानं स्वतःवर घेतली होती."

शेठनं माझ्याकडे नवलानं पाहिलं. माझ्या कबुलीचं त्याला काहीच वाटलं नव्हतं. मी अजून हे धरून बसले आहे, याचंच त्याला नवल होतं. "अरे बाई, वो तो मुझे उसी दिन से मालूम है. उसने यहीं बैठके बताया था, गलती बाई की है. मैं तो निकालने वाला था तुमको. उसी ने बोला, रखो. और बोला, उसको मत बताना कि आपको मालूम है. दबी रहेगी तो काम अच्छा करेगी."

मी "अच्छा" म्हटलं.

मग वही आणि पेन घेऊन एक नंबरच्या चेंबरमध्ये गेले. आत सोळा डिग्री होतं. दार ओढून घेतलं आणि मोठ्यानं रडले, पंख्यांच्या आवाजात कोणाला ऐकू जाणार नव्हतं. डोळे पुसले, आणि पहिल्या मशीनचा नंबर लिहून घेतला.