टक वाजलं होतं का?

चवदार तळ्याच्या कठड्याला टेकून बुद्धरत्न पाण्याकडे बघत बसायचा, तेव्हा त्याचा उजवा हात आपला आपण हवेत फिरत असायचा. येणारेजाणारे म्हणायचे, "विमानवाला लागला स्क्रू पिळायला!" त्यांच्यावर मी दोनदा धावून गेलो. आमच्या वस्तीतला हा पहिला विमानाचा मेकॅनिक. त्याला हसणारे तुम्ही कोण?

झालं होतं असं. छोट्या प्रवासी विमानाचा डावा पंखा आकाशात बिघडला. पाती वळेनात, विमान थरथरायला लागलं. वैमानिकाने एका इंजिनावर सुखरूप उतरवलं. त्या पंख्याला शेवटचा हात बुद्धरत्नचा. चौकशी बसली, आणि हाही घरी बसला.

पंख्याच्या पोटात एक कडी असते. दाबली की टक वाजते, म्हणजे बसली. ती टक वाजली की नाही, तेवढंच त्याला आठवत नव्हतं.

"स्वप्नात रोज बसवतो, दादा," तो म्हणायचा. "सावित्री नदीवर धुकं उतरलेलं असतं. त्यात पाती हळूहळू फिरतात, नावाला आवाज नाय. मी कडी दाबतो, आणि वाजायच्या आधीच जाग येते."

"अरे, सांग वाजली म्हणून!" मी भडकलो. "कोण होतं तिथं ऐकायला? खरं बोलून नोकरी घालवशील!"

त्याची बायको राजश्री चहा पुढे ठेवत म्हणाली, "भावजी, तुमची हुशारी मोर्चात ठेवा. खोटं बोलले तर हे जन्मभर असेच जागे ऱ्हातील. मला नाय चालायचं."

तो मुंबईला गेला आणि चौकशीत सांगून आला, आठवत नाही.

मग नुसती वाट बघणं. दुपारी तळ्यात ढग उतरायचे, पाण्याखालून कुठेतरी निघून जायचे. मला गप्प बसणं कधी जमलं नाही, तिथं जमलं.

शेवटी मुंबईहून त्याच्या कंपनीतल्या साहेबांचा फोन आला. पंखा सगळा उघडला होता. कडी जागेवर होती. तुटली होती आतली पिन. घडवतानाच तिच्या धातूत चीर राहिलेली. इतर विमानांतल्याही पिना आता काढायच्या होत्या, म्हणून त्याला कामावर बोलावलं होतं.

राजश्री पदर तोंडाशी धरून रडली. मी फटाके आणायला निघालो.

"दादा," बुद्धरत्नने थांबवलं, "बसली होती म्हणजे वाजली असणार ना?"

"असणारच की!"

तो डोळे मिटून बराच वेळ कान देऊन राहिला. मग हसला.

"तरी ऐकू येत नाय."