पाच मिनिटांच्या आरतीने मेलेली बॅटरी

"लिही," अध्यक्ष म्हणाले, "नवीन बॅटरी काढून तिच्या जागी जुनी बसवलेली दिसते. खाली सही कर अन् दुकानाचा शिक्का मार."

मी अजून बॉनेटही नीट उघडले नव्हते.

शेडच्या खांबाला टेकून ड्रायव्हर सुखदेव उभा होता. गाडीची किल्ली त्याच्या हातातून आधीच काढून घेतली होती. दुपारपर्यंत माझा कागद मिळाला की संस्थेच्या सभेत त्याला कामावरून काढायचे, आणि जमले तर चोरीची तक्रार द्यायची, असे ठरले होते. तपास माझ्याकडे होता, पण निकाल अध्यक्षांच्या खिशात तयार होता.

अड्याळला माझे बॅटरी आणि ऑटो इलेक्ट्रिकचे दुकान आहे. गोसीखुर्द धरणाच्या पाण्यावर मासेमारी करणाऱ्यांची एक संस्था आहे, तिच्या ऑफिसातल्या इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या माझ्याकडेच येत. या संस्थेने दिवाळीच्या आधी एक छोटी गाडी घेतली. मागे बर्फ भरायची पेटी, म्हणजे मासे सकाळी भरले तर दुपारी नागपूरच्या बाजारात ताजे उतरतील. धरणात गाव गेले, वर पुनर्वसनात घर मिळाले, अशा घरांतल्या लोकांनी ही गाडी घेतली होती. सुखदेव त्यातलाच. नोकरी नवी, पण त्याच्या घरात पहिल्यांदाच महिन्याच्या महिन्याला पगार येत होता.

गाडी आली आणि शेडमध्ये उभी राहिली. का? तर उद्घाटन व्हायचे होते. उद्घाटनाला मोठे साहेब येणार होते. साहेबांची तारीख मिळत नव्हती. दिवाळी गेली, तिच्यामागची मंडईची जत्रा गेली, थंडी आली आणि ओसरायला लागली. गाडी जागची हलली नाही. मीटरवर किलोमीटर वाढले तर उद्घाटनाच्या दिवशी गाडी जुनी दिसेल, असे अध्यक्ष गजाननराव यांचे मत होते. तोवर संस्थेच्या बाया मासोळ्यांच्या टोपल्या डोक्यावर घेऊन रस्त्यापर्यंत चालत राहिल्या, आणि व्यापाऱ्याचा पिकअप रोज धरणाच्या काठावर येऊन मनाला येईल तो भाव सांगत राहिला.

साहेबांची तारीख एकदाची मिळाली. गाडी धुवायला काढली. सेल्फ मारला, तर नुसते टक् टक्.

मी मीटर लावला. बॅटरी बारा व्होल्टची म्हणतात, पण भरलेली बॅटरी बारा आणि वर सहा-सात दशांश दाखवते. अकराच्या खाली गेली तर ती रिकामी समजायची. इथे साडेनऊही नव्हते.

"पाय," मीटरकडे बोट दाखवत अध्यक्ष म्हणाले. "चार महिन्यांत नवी बॅटरी मरते काय? हा लेकाचा विकून आला."

"मरते," मी म्हणालो. "अध्यक्ष साहेब, गाडी चार महिने चालूच केली नाही काय?"

"चालू केली नाही? अरे, रोज सकाळी पाच मिनिटं चालू करायचा आपला नियमच हाय! नारळ, अगरबत्ती, हेडलाइट, वरची पिवळी बत्ती, टेपवर आरती. आरती झाली का बंद. एक दिवस खाडा नाही."

हे ते अभिमानाने सांगत होते.

इथे थांबून सांगायला हवे. गाडी सुरू करताना सेल्फ एका झटक्यात बॅटरीतून भरपूर करंट ओढतो. ते परत भरण्याचे काम इंजिनला जोडलेला अल्टरनेटर करतो, पण गाडी रस्त्यावर धावली तर. नुसती जागेवर गुरगुरत ठेवली तर तो जेमतेम बनवतो, आणि जे बनवतो ते हेडलाइट, बत्ती आणि टेप खाऊन टाकतात. म्हणजे रोज सकाळी एक ओंजळ काढायची आणि चिमूटभर टाकायची. शिवाय या गाडीत एक जीपीएसचा डबा बसवलेला होता, गाडी कुठे आहे ते अध्यक्षांना मोबाइलवर दिसावे म्हणून. चार महिने तो डबा बॅटरी पिऊन त्यांना इमाने इतबारे एकच बातमी देत होता, की गाडी शेडमध्ये आहे.

अशी अर्धपोटी बॅटरी बरेच दिवस राहिली की आतल्या शिशाच्या पट्ट्यांवर पांढरा थर धरतो. तो घट्ट झाला की मग कितीही चार्जिंग करा, बॅटरी घेत नाही.

बॅटरीभोवती पोते गुंडाळले होते. मी विचारले, हे काय?

"थंडी लागू नये म्हणून. माहीच आयडिया हाय."

थंडीत बॅटरीचा जोर कमी पडतो हे खरे. पण आपल्याकडची थंडी बॅटरीला मारत नाही. जी आधीच अर्धमेली आहे तिचे बिंग फोडते, एवढेच. पोत्याने काही होत नाही. भरलेल्या बॅटरीला पोते नको आणि रिकाम्या बॅटरीलाही नको.

मी बॅटरी काढली, दुकानात नेली आणि हळू चार्जिंगला लावली. घाईचे चार्जिंग करून निकाल देणारे लोक आहेत. मी नाही. अध्यक्षांना म्हणालो, कागद उद्या. सभा एक दिवस पुढे ढकलावी लागली म्हणून ते चिडले.

संध्याकाळी सुखदेव दुकानात आला. स्टुलावर बसला नाही.

"भाऊ, तुमी तं ओळखता मले. मी बॅटरी विकीन काय गा?"

"मी ओळखतो म्हणून उपयोग नाही. गाडीसोबत वॉरंटी कार्ड आलं होतं, ते कुठे आहे?"

"डॅशबोर्डच्या खणात. मायती पुस्तकासंगं."

"आणि पाच मिनिटांचा नियम कोणी केला? तू की त्यांनी?"

"मी तं दोन डाव म्हनलो, पवनीपर्यंत नेऊन आनतो, गाडी बसून राहिली तं बिघडते. तं ग्रुपवर मलेच झापलं." त्याने मोबाइल काढला आणि संस्थेच्या ग्रुपवरचा आवाज लावला. अध्यक्षांचाच होता. "सुखदेव, तुले अक्कल शिकवाले ठेवलं नाही. पाच मिनिटं चालू कर, आरती लाव अन् बंद कर. शेडच्या भायेर चाक गेलं तं याद राख."

तो म्हणाला, "घरी बायको इचारते, खरंच विकली काय? ती बी इचारून राहिली, भाऊ."



दुसऱ्या दिवशी चार्जर काढला. मीटर बारा-तीन दाखवत होता. भोळ्या माणसाला वाटेल, झाली बरी. मग लोड टेस्टर लावला. हे यंत्र बॅटरीवर सेल्फइतके ओझे टाकून बघते. आकडा घसरत सातवर आला. बॅटरी गेली होती.

मग मी ती पुसली. वर बारीक अक्षरात कारखान्याचा नंबर आणि बनल्याचा महिना ठोकलेला असतो. शेडमध्ये जाऊन कार्ड काढले. नंबर तोच, अंक न् अंक तोच. बॅटरी कोणी बदलली नव्हती. गाडीसोबत आली होती तीच होती, आणि तिला शेडमध्येच मारले होते.

अध्यक्षांना मी ऑफिसात कार्ड दाखवले. त्यांनी ते उलटे करून पाहिले, जणू मागच्या बाजूला वेगळा नंबर निघेल.

"हे पाय," आवाज खाली आणून ते म्हणाले, "साहेब येऊन राहिले. बॅटरी आपल्या नियमानं मेली असं कसं लिहायचं? लोकं हासतीन. तू फक्त लिही, बदलली असावी. 'असावी' लिही. 'असावी'ले काय लागते?"

"सुखदेवची नोकरी लागते."

"त्याले दुसरीकडे लावून देऊ ना बे."

"चोर म्हणून?"

"तुले संस्थेचं काम पायजे का नाही?"

मी कागद काढला आणि त्यांच्याच टेबलावर लिहिले: बॅटरीचा नंबर वॉरंटी कार्डाशी जुळतो. बदल झालेला नाही. गाडी न चालवता रोज पाच मिनिटे सुरू करून बंद केल्याने आणि जीपीएस जोडलेला ठेवल्याने बॅटरी निकामी झाली. नियम अध्यक्षांचा. सही केली, शिक्का मारला. एक प्रत त्यांना दिली आणि दुसरी सभेत सुखदेवच्या हातात.

सभेला चाळीसेक माणसे होती. सुखदेव वाचताना अडखळू लागला, तेव्हा कागद मी घेतला आणि मोठ्याने वाचला. मग त्याने मोबाइलवरचा तो आवाज लावला. कोणी हसले नाही. अध्यक्षांची ती भीती उगाच होती.

भागरथाबाई उठल्या. पन्नाशी ओलांडलेल्या, अड्याळच्या बाजारात मासे विकणाऱ्या, संस्थेच्या सभासद.

"अध्यक्ष, गाडी कोनाची हाय?"

"संस्थेची. आपल्या सगळ्यांची, बाई."

"मंग सगळ्यांची गाडी आरती आयकत उभी, अन् मी टोपलं घेऊन पायदल. हे कोनत्या पोथीत लिवलं हाय?"

"बाई, येत्या हप्त्यात साहेब—"

"साहेबाले जेवाले बोलवा ना. झिंगे रांधून देतो मी. गाडी उद्या निघन. अन् चालवन सुखदेव. चोर म्हनलं तुमी त्याले, आता इथंच म्हना का तो चोर नाही."

अध्यक्षांनी घसा साफ केला. ते म्हणाले की गैरसमज झाला, आणि गाडी चालवत राहावी असे त्यांचे पहिल्यापासूनच मत होते. भागरथाबाई बसल्या नाहीत. शेवटी ते तीन शब्द त्यांना म्हणावे लागले, खाली मान घालून, पण माइक चालू होता.

नवी बॅटरी दुसऱ्या दिवशी मीच बसवली. जीपीएसला वेगळा स्विच दिला. सुखदेव रोहू आणि कतला भरून निघाला. साहेब त्या आठवड्यातही आले नाहीत, तारीख पुढे गेली. गजाननराव अजून अध्यक्ष आहेत, अशी माणसे पदावरून सहज जात नाहीत. संस्थेच्या इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या आता दुसऱ्या दुकानात जातात.

तुमची गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर एवढे करा. बॅटरी पूर्ण चार्ज करा आणि मायनसची, म्हणजे काळी वायर काढून ठेवा. महिन्यातून एकदा चार्जर लावा. वायर काढायची नसेल तर पंधरा दिवसांतून एकदा गाडी अर्धा तास रस्त्यावर न्या. यापेक्षा जास्त काही लागत नाही. दारात उभी करून रोज घरघर करवणे, हा बॅटरी मारण्याचा खात्रीचा उपाय आहे. आणि ती मेल्यावर दोष द्यायला हाताखालचा माणूस शोधणारे निघतातच. म्हणून वॉरंटी कार्ड जपून ठेवा.