काकूंच्या मुंग्या

गारखेड्यातल्या आमच्या फ्लॅटच्या गॅलरीला लागूनच शेजारच्या काकूंची गॅलरी आहे. काकू रोज सकाळी कठड्यावर मुंग्यांसाठी चिमूटभर रवा-साखर टाकतात. मुंग्या जेवायला तिकडे आणि मुक्कामाला आमच्या कुंड्यांत. मोगऱ्याची माती त्यांनी पार पोखरून टाकली, मुळं उघडी पडली, कळ्या पिवळ्या होऊन गळायला लागल्या.

मी काकूंना सांगून पाहिलं. "मुक्या जिवाला दोन दाणे टाकले तर काय बिघडतं, मॅडम? लई पुण्य लागतं," त्या म्हणाल्या. पुण्याचा विषय निघाला की मी घरात निघून येते. आम्ही जयभीमवाले. सात वर्षांच्या शेजारात काकूंनी आमच्याकडं पाण्याचा घोट घेतलेला नाही. चहा विचारला की त्यांना उपास असतो. आठवड्याचे सातही वार त्यांनी देवांना वाटून दिलेत, आणि ते नेमके आमच्या दारातच त्यांना आठवतात. मी हसण्यावारी नेते, पण लागतं. दर वेळी लागतं.

मग उपाय सुरू झाले. हळद झाली, दालचिनी झाली. मुंग्या वळसा घालून गेल्या. मोबाइलवर कुणी तरी सांगत होतं, कुंडी बादलीभर पाण्यात बुडवून ठेवा. आमच्याकडं नळ येतो आठवड्यानं. घरची माणसं पारोशी ठेवून मुंग्यांना अंघोळी कोण घालणार? शेवटी करमाडच्या एका नर्सरीतला माळी म्हणाला, "कॅरमवर टाकतात ती बोरिक पावडर साखरेच्या पाकात कालवा अन् कुंडीजवळ ठेवा. मुंग्याच ते घरी नेऊन समद्यांना चारतात."

चार-पाच दिवसांत कुंड्या मोकळ्या झाल्या. उरल्यासुरल्या मुंग्यांनी बिऱ्हाड हलवलं ते थेट काकूंच्या तुळशीत. कठड्यावरचा रवा त्याच दिवशी बंद झाला.

दुसऱ्या सकाळी काकू दारात. "मॅडम, ते तुमचं औषध द्या ना थोडं. तुळस चालली माझी."

मी स्टीलच्या वाटीत पाक काढून पुढं केला. काकूंनी हात पुढं केला नाही. "वाटी कशाला? पुडीत बांधून द्या."

"पातळ आहे, काकू. पुडीत कसं राहील?"

त्या घरी गेल्या, स्वतःची वाटी घेऊन आल्या, दोन्ही हातांनी खाली धरली आणि म्हणाल्या, "वरून ओता. वाटीला वाटी लागू देऊ नका."

माझ्या आईला लहानपणी गावात पाणी असंच मिळायचं. ती ओंजळ धरून खाली उभी, देणारा वरून ओतायचा. आज हात काकूंनी पसरले होते, तेही विषासाठी, आणि त्यांना त्यातलं काहीच दिसत नव्हतं. मला चीड आली. खोटं कशाला सांगू, थोडी मजाही वाटली. मी हात चांगला उंच धरला आणि सावकाश ओतलं.

"आता हात धुऊन घ्या, काकू," मी म्हटलं. "म्हणजे, विष आहे म्हणून."