नवं होण्याआधीचा मेळावा

डहाणूजवळ मसोलीत राहून मी एका आरोग्य प्रकल्पासाठी पत्रकं लिहायचो. त्या वर्षी वरून हुकूम आला की यापुढे कार्यक्रम लोकांनीच ठरवायचे. कोणत्या तारखेला ठरवायचे, तेही हुकमातच होतं.

रानशेतच्या एका पाड्यावर बैठक झाली. विषय होता गरोदर बायकांचा पोषण मेळावा: नव्या तांदळाच्या भाकऱ्या, भाज्या आणि तिथेच रक्ताची, रक्तदाबाची तपासणी. पाड्यावरची एक सून आठव्या महिन्यात होती, पाय सुजलेले, आणि तपासणीला एकदाही आलेली नव्हती. अंगणवाडीच्या बाईंनी चकरा मारमारून तिच्या सासूला कसंबसं राजी केलं होतं.

सासूचं म्हणणं एवढंच की तपासणी कधीही करा, पण नवा तांदूळ ‘नवं’, म्हणजे नव्या धान्याची पूजा, झाल्यावरच. देवाला आणि वाडवडलांना दाखवल्याशिवाय इथे नवा दाणा कोणी तोंडात घालत नाही, आणि दिवस ठरतो भगताच्या शब्दावर. आमच्या साहेबांनी मान डोलावून फळ्यावर ‘श्रद्धांचा आदर’ असं लिहिलं आणि सांगितलं की तारीख बदलणार नाही, पाहुण्यांनी वेळ दिली आहे. मग जुना तांदूळ आणू, असं मी सुचवलं. तर फलकावर ‘नवान्न’ छापून झालं होतं.

मेळाव्यात पाहुणे उशिरा आले आणि हा तुमचाच कार्यक्रम आहे, हे बायकांना बराच वेळ समजावत राहिले. तपासणी अर्थातच भाषणानंतर. त्याआधी फोटोसाठी पाहुण्यांना कुणाला तरी स्वहस्ते घास भरवायचा होता. जवळ बसली होती ती सून. भाकरीचा तुकडा ओठांशी आला तशी तिने तोंड घट्ट मिटून सासूकडे पाहिलं. साहेब मागून म्हणाले, “खा ना ताई, लाजू नका.” सासू उठली, सुनेचा हात धरला आणि निघून गेली. तपासणी राहिली. अहवालात ‘उत्स्फूर्त प्रतिसाद’ गेला.

दुसऱ्या दिवशी अंगणवाडीच्या बाई आणि मी त्यांच्या घरी गेलो. सासूने चहा दिला आणि म्हणाली, “तुम्हांला थांबायला सांगितलं, तर थांबला नाहीत. आता नवं होईस्तोवर तुम्ही थांबा.”

“मावशी, साहेबाचा राग पोरीवर काढतेस?” बाई म्हणाल्या. “तिचे पाय बघ.”

“त्याला आण इथं. त्याला बोलते.”

“त्याला मीच बोलेन. आधी हिला घेऊन चल.”

सासूने बराच वेळ चुलीतली लाकडं उगाच सारली. मग सुनेला साडी बदलायला सांगितलं, आणि आम्हाला बजावलं की तिथे कुणी काही भरवायला आलं तर ती तशीच परत फिरेल.

डहाणूला डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला आणि सुनेला ठेवूनच घेतलं. सासू खाटेच्या पायथ्याशी बसली. थोड्या वेळाने मला म्हणाली, “सर, इथल्या जेवणात तांदूळ जुना का नवा, तेवढं विचारून या.”

मी विचारून आलो. जुना होता.