भिंतीपलीकडच्या खाला

भिजलेल्या कापसाच्या गादीचा वास आला की मी नऊ वर्षांची होते, नल्लकुंट्याच्या आमच्या घरात एकटी.

त्या दुपारी आईबाबा कामावर होते. नाल्याचं पाणी गल्लीत चढलं आणि बघता बघता उंबरा ओलांडून आत आलं. दार उघडेना. मी टेबलावर खुर्ची ठेवून कशीबशी माळ्यावर चढले. खाली गाद्या फुगून तरंगत होत्या. मी रडायला लागले, तेव्हा भिंतीपलीकडून शेजारच्या खालांची, म्हणजे मावशींची, हाक आली.

"रो नक्को बेटी. मेरे से बातां कर."

खाला एकट्याच राहायच्या. मी त्यांना पाढे म्हणून दाखवले, मैत्रिणींची भांडणं सांगितली. त्या गप्प झाल्या की घाबरून ओरडायची, "खाला, सुनरे क्या?"

"सुनरी ना, बोल."

बोलता बोलता माझं रडं कधी थांबलं, कळलंच नाही.

संध्याकाळी बाबा छातीभर पाण्यातून आले. मी म्हटलं, "आधी खालांना काढा." त्यांचं दार तोडलं, तर त्या स्टुलावर उभ्या, खिडकीचे गज घट्ट धरून. बोटं सोडवावी लागली.

"तू बोलती थी ना," त्या मला म्हणाल्या, "इसीच वास्ते मैं खडी रही."

मोठी माणसं लाडानं असं म्हणतात, असं मला तेव्हा वाटलं. आता मी त्यांच्या वयाची आहे. मुलं परदेशात असतात, घरात दिवसभर कुणाचा आवाज नसतो. खाला तेव्हा अगदी खरं बोलत होत्या.