यंदाची बारी पार्वताबाईची

आमच्या सौभाग्यवतीच्या मामांइतका हिशेबी माणूस अख्ख्या गोंदिया जिल्ह्यात सापडायचा नाही, आणि इतक्या नेमाने नुकसानीत जाणाराही सापडायचा नाही. हे दोन्ही गुण एकाच माणसात कसे नांदतात, हे मी लग्न झाल्यापासून शोधतो आहे. मामांचा हिशेब असा, की पैसे मोजून घेतलेली वस्तू कणभरही वाया जाता कामा नये. इथवर कोणालाही पटेल. पण आपल्याला ती नको असेल, तर जवळ जो कोणी असेल त्याला ती वापरायला लावायची, हा त्या हिशेबाचा उत्तरार्ध आहे, आणि तिथे लोक त्यांना चुकवायला लागतात. एकदा गोंदियाच्या बाजारात ते दाढीला बसले. त्या दुकानात दाढी आणि कटिंग मिळून एकच दर होता. मामांच्या डोक्यावर, कानांच्या वर म्हणावं असं, केसाचं नाव नाही. दुसरा कोणी असता तर त्याने घासाघीस केली असती. मामांनी पूर्ण पैसे दिले, दाढी करून घेतली आणि बाकावर पेपर वाचत बसलेल्या एका अनोळखी गृहस्थांना म्हणाले, "उठा जी, माजी कटिंग बाकी आहे, थे तुमी करून घ्या." ते गृहस्थ बसची वाट पाहत सावलीला बसले होते. तरी त्यांचे केस कापले गेले, आणि बस गेली ती गेलीच.

एसटीत खिडकी मिळाली की मामांच्या डोळ्यांतून वाऱ्याने पाणी येतं. म्हणून काही ते खिडकी एकाला देऊन मोकळे होत नाहीत. देवरीपर्यंतच्या प्रवासात ते मागच्या-पुढच्या बाकांवरच्या लोकांना आळीपाळीने खिडकीत बसवतात, आणि कोणी झोपलेला असला तर त्याला हलवून उठवतात. लग्नाच्या पंगतीत त्यांच्या शेजारी बसायची आमच्या नात्यात कोणाची छाती होत नाही. त्यांना साखरेचा त्रास आहे, त्यामुळे त्यांच्या वाट्याची जिलेबी शेजाऱ्यालाच संपवावी लागते. मी जावई असल्यामुळे मला जागा बदलता येत नाही. माझी साखर वाढली त्याला डॉक्टर आनुवंशिकता म्हणतात, मी मामा म्हणतो.

ह्या स्वभावाचं मूळ त्यांच्या गावच्या तलावात आहे. चोरखमाऱ्याकडे जाणाऱ्या वाटेवर आत वळलं की त्यांचं गाव लागतं. तिथला तलाव मामांच्या पूर्वजांनी बांधला. त्याच्याखाली ज्याचं ज्याचं धानाचं शेत आहे, त्याने उन्हाळ्यात तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, माती टाकायची, आणि पाणी ज्याच्या त्याच्या बारीने, म्हणजे क्रम येईल तसं, घ्यायचं, हा तिथला रिवाज. एखाद्याचं शेत आधीच भिजलेलं असेल तर त्याने आपली बारी सुकलेल्या शेताला द्यायची. बारी द्यायला पैसे पडत नाहीत, घेण्यात लाज नाही. बारी वाया घालवली मात्र, तर त्या माणसाशी गावात कोणी धड बोलत नाही. मामांनी हा रिवाज शेतापुरता ठेवला असता तर आम्ही सुखात राहिलो असतो. त्यांनी तो सलूनला लावला, एसटीला लावला, आणि शेवटी बँकेला लावला.

झालं असं, की धानाचे पैसे खात्यात आले आणि ते काढायला मामा बँकेत गेले. तिथल्या मॅनेजर मॅडम रायपूरकडच्या, बोलायला गोड. त्यांनी मामांना खुर्ची दिली, चहा दिला आणि म्हणाल्या, "अंकल, आप प्रीमियम खाता ले लो. साल में एक बार फीस कटेगी, बाकी सब बीमा अंदर." त्या 'सब'मध्ये अपघाताचा विमा होता, फोनचा होता, रस्त्यात मोटार बंद पडली तर मदत होती, आणि परदेशात सामान हरवलं तर त्याची भरपाईही होती. मामांकडे मोटार नाही. परदेश म्हणून ते एकदा राज्याच्या हद्दीपलीकडे डोंगरगडला जाऊन आले आहेत. फोन बटणांचा, त्याची किंमत त्या वर्षाच्या फीपेक्षा कमी. पण मामांनी एकच प्रश्न विचारला, "म्हंजे सगळ्यायनं थोडा थोडा भरायचा, अन् ज्याचा सुकला त्याले भेटायचा?" मॅडम म्हणाल्या, "बिलकुल, अंकल." झालं. मामांच्या दृष्टीने बँकेने तलाव बांधला होता. त्यांनी सही केली.

मला हे कळलं तेव्हा मी तडक गावी गेलो. विमा हा शब्द ऐकला की मला उठून दार लावून घ्यावंसं वाटतं, आणि हा तर दाराच्या आत येऊन बसलेला विमा. मी मामांना समजावलं, की ह्यातल्या अर्ध्या गोष्टी तुम्हाला लागू होत नाहीत, आणि उरलेल्या अर्ध्या वेगळ्या घेतल्या तर स्वस्त पडतात. नुसता अपघाताचा विमा तर साध्या खात्यावरही थोडक्यात मिळतो. हे गाठोडं घेणारा फसतो ते ह्यामुळेच, की न लागणाऱ्या वस्तू फुकट मिळाल्यासारख्या वाटतात. मामींनी मान डोलावली. त्या पैशात त्यांचं शिलाई मशीन दुरुस्त झालं असतं. मामा शांतपणे म्हणाले, "मले नाही लागू होत, बरोबर आहे. गावाले तं होते ना, जवाईबापू?"

आणि मग गावाला विमा लागू होऊ लागला. कोणाचा फोन तलावात पडला की मामा तो पुसून बँकेत नेत. मॅडम सांगत, की अंकल, हा फोन तुमचा नाही. मामा म्हणत, "माजा चांगला आहे ना जी. मंग त्याची बारी वाया कायले घालवू?" कोणाच्या मेव्हण्याची पिशवी रेल्वेत राहिली, मामांनी ती परदेशातल्या सामानात मागितली. एकदा शेजाऱ्याची बैलबंडी चिखलात रुतली, तर मामांनी मोटारमदतीचा फोन लावला. मी तिथेच उभा होतो. पलीकडून एक मुलगी हिंदीत अदबीने विचारत होती, "सर, गाडी का मॉडल बताइए." मामा म्हणाले, "एक सफेद है, एक लाल है. सफेदवाला जरा अडियल है." तिने विचारलं, टायर पंक्चर आहे का. मामा म्हणाले, चाक लाकडाचं आहे. तिने त्यांना लाइनवर थांबायला सांगितलं आणि गाणं लावलं. ते गाणं संपेपर्यंत चार माणसांनी बंडी ओढून काढली होती. मामा बँकेवर खूश झाले. म्हणाले, "फोन लावला अन् निघाली का नाही?"

इथवर सगळी गंमत होती. पण धानाच्या रोवणीच्या दिवसांत पार्वताबाई शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, घसरली आणि तिचा पाय मोडला. पार्वताबाई एकटी राहते. तलावाच्या अगदी शेवटच्या टोकाला तिचं एवढंसं शेत आहे, आणि कोणाचं काही घ्यायचं नाही हा तिचा बाणा. तिच्याकडे भाजीची वाटी पाठवली तर ती भरूनच परत येते. घरात काही नसलं तर ती वाटी दोन दिवस राहते, पण रिकामी येत नाही. अशी बाई खाटेवर पडून म्हणत होती, की गोंदियाच्या दवाखान्यात मी येत नाही, हाड आपोआप जुडते. डॉक्टरांनी निरोप दिला होता, की आणखी उशीर केला तर ही पुन्हा उभी राहणार नाही. सगळं गाव अंगणात जमलं होतं. मामा पुढे झाले आणि म्हणाले, "पार्वताबाई, उठ. माज्या खात्यावर अपघाताची बारी आहे. यंदाची बारी तुजी." तिने त्यांच्याकडे पाहिलं. "हे बँकेचे आहे ना जी, भाऊ? तुमचे नाही ना?" मामा म्हणाले, "बँकेचे." मग ती गाडीत बसली.

मामा खोटं बोलले नव्हते, त्यांना तसंच वाटत होतं. ते बँकेत गेले आणि मॅडमनी हात जोडून सांगितलं, की अंकल, पाय तुमचा असता तर लगेच दिले असते. मामा सबंध दिवस त्या खुर्चीवर बसून होते. चहा आला तो त्यांनी घेतला नाही. पार्वताबाईच्या पायात ऑपरेशन करून लोखंडी पट्टी बसली होती, आणि बँकेचे नाहीत म्हटलं असतं तर ती बाई घर विकून ते पैसे फेडायला निघाली असती. मामांनी कोठीतलं धान विकलं, दवाखान्यात पैसे भरले आणि पार्वताबाईला सांगितलं, बँकेने दिले. हे फक्त मामींना ठाऊक होतं, कारण कोठीचं झाकण त्या उघडतात, आणि मामींकडून मला कळलं.

ह्याचा परिणाम असा झाला, की विमा म्हणताच चार दिवसांत पैसे देणारी बँक म्हणून त्या शाखेची ख्याती पसरली. आसपासच्या गावांतून लोक येऊन ते महागडं खातं उघडू लागले. मॅडमना वरच्या ऑफिसातून पुष्पगुच्छ आला. तो का आला हे त्यांना समजेना, पण त्या भल्या बाई असल्यामुळे त्यांनी मामांना पेढे पाठवले. मामांना साखरेचा त्रास, त्यामुळे ते पेढे मी खाल्ले.

आणि दिवाळीनंतर मामा स्वतःच पाळीवरून पडले. उजवं मनगट मोडलं. ही बातमी ऐकून मॅडम स्वतः मोटार घेऊन गावात आल्या. त्यांचा चेहरा इतका फुललेला होता, की माझ्या मामींना क्षणभर राग आला. "अंकल, अब आपका हाथ है. अब तो मिलेगा ही मिलेगा." नुसती सही करायची होती, आणि उजव्या हाताने जमत नसेल तर अंगठा चालणार होता. मामा म्हणाले, "नाही जी मॅडम. यंदाची बारी गेली."

मॅडमनी समजावलं, मामींनी समजावलं, मी तर हात टेकले. तेव्हा मामांनी मला बाजूला घेतलं. "जवाईबापू, असा इचार करा. मले बँकेनं देल्ले म्हटलं का पार्वताबाई इचारल, का मंग मले भेटले थे पैसे कोनाचे होते? एका सालात एका शेताले दोन बाऱ्या नाही भेटत, हे तिलेबी समजते. ते बाई पुन्हा पायावर उभी झाली आहे जी. तिले कायले वाकवू?" मी म्हणालो, तुमच्या हाताचं काय? ते म्हणाले, "जुडते." कोठी रिकामी होती, आणि आम्हा कोणाकडून पैसे घ्यायला ते तयार नव्हते. गावातल्या हाड बसवणाऱ्याने बांबूच्या कामट्या बांधल्या. हात जुडला, पण वाकडा. आता तो पालथा राहतो, तळवा काही वर होत नाही.

धान निघाल्यावर पाळीवरच्या देवाची पूजा असते. त्या वेळी मी तिथे होतो. प्रसाद घ्यायला मामांनी हात पुढे केला आणि सगळा प्रसाद खाली सांडला. लोक हसले, मामाही हसले. मामींना मात्र ते सोसलं नाही. त्या शेजारी उभ्या असलेल्या पार्वताबाईला म्हणाल्या, "तुज्याच पायी असा झाला हा हात. तुले समजू नये म्हनून ह्यायनं बँकेचे पैसे नाही घेतले." मामा घाईघाईने काहीतरी बोलायला गेले, पण पार्वताबाई आधी बोलली. "मले का समजत नाही जी, भाऊ? दवाखान्यातच समजलं होतं. तुमी बँकेचे म्हनून देल्ले, म्हनून घेतले. तुमचा बोल गावात खाली पडू नये म्हनून चूप राहिली. पन हाताचं मले काऊन नाही सांगितलं?" मामा डाव्या हाताने सांडलेला प्रसाद वेचायला लागले. एकमेकांची अब्रू राखता राखता ही दोन शहाणी माणसं गप्प बसली होती आणि मधल्या मधे एक चांगला हात गेला होता. मला त्या दोघांचा भयंकर राग आला, आणि रडूही आलं.

त्या दिवसापासून पार्वताबाई रोज सकाळी मोहाच्या टोरीचं, म्हणजे बियांचं, तेल कोमट करून आणते आणि मामांच्या ओसरीवर बसून त्यांचं मनगट चोळते. मी मामांना नागपूरच्या डॉक्टरांकडे नेलं होतं. त्यांनी तपासून सांगितलं, की हे हाड आता असंच राहणार, तेलाने काही व्हायचं नाही. परतताना गाडीत मामा म्हणाले, "हे पार्वताबाईले नका सांगू जी."

गेल्या रविवारी मी तिथेच ओसरीवर चहा पीत होतो. तेल चोळून झाल्यावर पार्वताबाईने पदराला हात पुसले आणि विचारलं, "का जी भाऊ, आज काही सरकला का?"

मामांनी हात उजेडाकडे धरला, नीट निरखून पाहिला आणि म्हणाले, "सरकला ना. कालच्यापेक्षा थोडासा जास्तच आहे आज."