घोड्याला लावलेला हात

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, रोज संध्याकाळी माझ्यासमोर पट मांडून बसणाऱ्या मित्राला नाही. तुम्हालाच का सांगतोय? नीटसं माहीत नाही.

मी बीडच्या एका दैनिकात बातमीदार. रविवारी बुद्धिबळाचं सदर लिहितो. त्यात स्वतःचे डाव उलगडतो, माझ्या चुकलेल्या चालींपुढे प्रश्नचिन्हं टाकतो. वाचक म्हणतात, स्वतःच्या चुका छापणारा माणूस विरळा. मी ऐकून घेतो. त्यातला अंबाजोगाईचा डाव मी संगणकावर कितीदा तरी तपासलाय. छापलेली एकूणएक चाल खरी आहे. तरी ते विश्लेषण खोटं आहे — कसं, तेच सांगायचंय.

जिल्हा निवड स्पर्धेची शेवटची फेरी होती. जिंकेल तो राज्य स्पर्धेला जाणार. समोर नांदूरघाटचा उत्तम, माझा जुना मित्र, बीडमध्येच कृषी सेवा केंद्रात कामाला. लहानपणी दुखण्यात त्याचा डावा कान गेलेला. हे सगळ्यांना ठाऊक. एकदा राज्य स्पर्धा खेळायची, एवढीच त्याची जिद्द.

नियम साधा. ज्या मोहऱ्याला हात लावला तोच चालवायचा. मोहरा घरात नुसता सरळ करायचा असेल, तर आधी 'नीट करतो' असं म्हणायचं. मी घोड्यावर बोटं टेकवली — आणि दिसलं, घोडा हलला की मागचा वजीर उत्तमच्या उंटाच्या तोंडी. हात मागं घेतला. हत्ती चालवला.

"घोड्याला हात लावलास बे," उत्तम म्हणाला. "आता घोडाच चालव."

पंच आले. मी म्हणालो, "नीट करतो म्हणालो होतो की. ह्याला ऐकू आलं नसेल."

घाबरलो होतो म्हणू? घाबरलेला माणूस इतकं अचूक बोलतो का?

पंचांनी उत्तमच्या कानाकडे पाहिलं. शेजारच्या पटावरचा एकजण हसला, "उत्तमराव, पुढच्या बारीला भोंगा लावून सांगतो तुमाला!" हत्तीची चाल कायम राहिली. उत्तम पुढं सावरलाच नाही. त्याच्या पुढच्या चालीखाली मी सदरात लिहिलं — 'इथं प्रतिस्पर्ध्याचं लक्ष विचलित झालं.'

आमच्याकडे रीत आहे. डाव संपला की दोघांनी त्याच पटावर तो पुन्हा मांडायचा, कुठं काय चुकलं ते बघायचं. हरलेला बहुधा टाळतो. उत्तम बसला. "हितं मी प्यादं कावून ढकललं? लई घाई केली." माझ्याही चुका त्यानं दाखवल्या; बरोबर होत्या. मग ती घोड्याची जागा आली. तो थांबला.

"माफ कर गड्या. सगळ्यांपुढं तुला लबाड ठरवलं. मला खरंच ऐकू आलं न्हाई."

मी म्हणालो, "असू दे."

आधीची थाप घाईत मारली, असं स्वतःला समजावता येतं. 'असू दे'चं काय? घड्याळ बंद होतं. पंच निघून गेले होते. माझं हरायचं काही उरलं नव्हतं. ते मी विचार करून बोललो.

उत्तमनं त्यानंतर स्पर्धा सोडल्या; आता फक्त रोज संध्याकाळी माझ्यासमोर पट मांडतो. "उजवा बी गेला वाटतं," म्हणाला. "उगं कुणावर आळ नको." कान तपासून आला. उजवा चांगला आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्याचा डॉक्टरांवर विश्वास बसला नाही. माझ्यावर बसला.

त्याचा कान त्या दिवशी चुकला नव्हता. मी काही बोललोच नव्हतो.